वेधशाळेची थट्टा

थट्टेचे कांहीं विषय असे असतात कीं, पिढ्यान्‌पिढ्या वापरूनहि ते झिजत नाहींत. नव्या जांवयाची भूक, आगगाडीचें वेळापत्रक आणि वेधशाळेचा अंदाज हे त्यांतले ठळक होत. "वेधशाळेनें आज पाऊस सांगितला आहे, तेव्हां गाद्या उन्हांत घालायला हरकत नाहीं," हें वाक्य आमच्या घरांत मीं जन्मभर ऐकत आलों आहें. आजोबा सकाळचें वर्तमानपत्र मिटतां मिटतां तें गंभीरपणें म्हणत. वडील रेडिओवरील बातम्या संपल्या कीं म्हणत. आणि आतां माझा नातू हातांतल्या मोबाइलवरची नजर न काढतां म्हणतो. वाडा गेला, गाद्या घालण्याचें अंगण गेलें, पण विनोद मात्र वारसाहक्कानें जसाच्या तसा पुढें आला आहे.

थट्टेला माझी ना नाहीं. सरकारी खात्याला हंसणें हा प्रजेचा जुना हक्क आहे. आणि पावसासारख्या लहरी पाहुण्याची वर्दी देण्याचें काम ज्यानें पत्करलें, त्यानें थोडें हंसें सोसलेंच पाहिजे. पण ज्या खात्याला आपण इतकें हंसतों त्याचें काम तरी नेमकें कोणतें, हा प्रश्न अलीकडे मला सुटत नाहीं. भविष्य सांगणें हेंच तें काम असेल, तर तें करणारे आपल्याकडे पूर्वींहि पुष्कळ होते.

आमच्या घरीं गुढीपाडव्याला पंचांगवाचन होत असे. वर्षाचा पाऊस किती आढक, कोणत्या नक्षत्राचें वाहन काय, हें आजोबा मोठ्यानें वाचीत. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती आलें कीं आजीचा चेहरा खुले. कोल्हा आला कीं ती नकळत तांदुळाच्या कणगीकडे पाही. पुढें आश्विनांत त्या वाहनांचा कोणी हिशेब मागितल्याचें मला आठवत नाहीं. हत्तीच्या नक्षत्रांत अंगण कोरडें राहिलें म्हणून पंचांगाला कोणी हंसलें नाहीं. पंचांग वर्षांतून एकदांच बोलतें, आणि तेंहि साऱ्या मुलखाला मिळून. वेधशाळा रोज बोलते; शिवाय दिवस, जिल्हा आणि वाऱ्याचा वेग सांगून बोलते. जो असें बोलतो त्याच्याच चुका मोजतां येतात. आपली चूक दुसऱ्याला मोजतां यावी अशा रीतीनें बोलणें, हेंच मला या खात्याच्या लोकसेवेचें पहिलें लक्षण वाटतें.

त्यांचे शब्दहि आपण समजतों तितके सैल नसतात. "कोंकणांत तुरळक ठिकाणीं मुसळधार पाऊस" असें वाचलें कीं, "म्हणजे पडला तर पडेल," असा अर्थ लावून आपण मोकळे होतों. वास्तविक हे शब्द सोनाराच्या गुंजेप्रमाणें तोललेले आहेत. एखाद्या विभागांत पाऊस मोजण्याचीं जेवढीं केंद्रें असतील, त्यांपैकीं फार तर चौथ्या हिश्श्यावर पाऊस अपेक्षित असला तर "तुरळक ठिकाणीं". चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत "कांहीं ठिकाणीं". निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत "अनेक ठिकाणीं". आणि त्यापलीकडे "बहुतेक ठिकाणीं". चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला म्हणजे पाऊस "मुसळधार" ठरतो, ११५.६ पासून पुढें "अतिमुसळधार", आणि २०४.५ पासून पुढें "अत्यंत मुसळधार". २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईच्या दुसऱ्या टोकास, कुलाब्याच्या वेधशाळेंत, तो सुमारें ७४ मिलिमीटर भरला. शहर एक, दिवस एक. पण एकीकडे प्रलय आणि दुसरीकडे आषाढांतली नेहमींची झड. "तुरळक" हा शब्द पळवाट नसून निसर्गाचेंच वर्णन आहे, हें त्या दिवशींच्या दोन आंकड्यांवरून कळतें.

असे आंकडे कोठून येतात, हें मीं लहानपणीं मामांकडे पाहिलें. मामा कोंकणांतील एका तालुक्याच्या कचेरींत कारकून होते. कचेरीच्या आवारांत कुंपण घातलेल्या एका चौकोनांत पाऊस मोजण्याचें भांडें बसविलेलें होतें. वर नरसाळें, आंत बाटली, आणि सोबत रेघा आंखलेला कांचेचा पेला, एवढाच तो सरंजाम. रोज सकाळीं साडेआठ वाजतां मामा तेथें जात, पाणी पेल्यांत ओतून डोळ्यांच्या पातळीवर धरीत आणि वहींत आंकडा मांडीत. गणेशचतुर्थीला सोंवळें नेसण्यापूर्वीं ते हें काम उरकून येत. मला नवल वाटे तें वैशाखाचें. आकाश तापून तांब्यासारखें झालेलें असतांहि मामा नेमानें जात आणि वहींत शून्य मांडून परत येत. एकदां मीं त्यांना म्हटलें, "मामा, पाऊस पडला नाहीं हें तर ओटीवरूनहि दिसतें." मामा म्हणाले, "आज दिसतें रे. पन्नास वर्षांनीं कोणाला दिसणार? शून्यसुद्धां मांडून ठेवावें लागतें." सरासरी हा शब्द पुढें शाळेंत शिकलों, तेव्हां मला त्या शून्यांची आठवण झाली. गांवोगांवच्या अशा कारकुनांनीं, मास्तरांनीं आणि निरीक्षकांनीं मांडलेल्या आंकड्यांवरच "यंदा सरासरीपेक्षां कमी" हें वाक्य उभें असतें.

या खात्याचा जन्म कौतुकांत झाला नाहीं, सुतकांत झाला. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळलें, हुगळींतून समुद्राची लाट आंत शिरली, आणि सुमारें साठ हजार माणसें गेलीं असें मानतात. वादळ उपसागरावरून चालून येत होतें. पण येत आहे म्हणून सांगणारें कोणी नव्हतें. पुढल्याच वर्षीं कलकत्ता बंदरासाठीं वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था झाली. त्यानंतर १८६६ आणि १८७१ सालीं पावसानें दगा दिला. तेव्हां कोठें १८७५ च्या जानेवारींत सबंध हिंदुस्थानासाठीं एक हवामान खातें स्थापन झालें, आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले अधिकारी नेमले गेले. २०२५ सालीं या गोष्टीस दीडशें वर्षें झालीं. कलकत्त्याहून खात्याचें ठाणें सिमल्यास गेलें आणि १९२८ सालीं तें पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकरांनीं "सिमला ऑफिस" हें नांव ठेवलें. १९४४ सालीं मुख्य कचेरी दिल्लीस गेली, पण हवामानाचें बरेंच कामकाज पुण्यांत राहिलें. चौकाचें नांव आजहि सिमला ऑफिस चौकच आहे, आणि तेथून रोज जाणाऱ्या पुष्कळांना सिमल्याचा येथें संबंध काय, हें ठाऊक नसतें.

थट्टेचा इतिहास मात्र या खात्याहूनहि जुना आहे. ज्यांनीं लोकांसाठीं रोजचा अंदाज प्रथम छापविला ते रॉबर्ट फिट्झरॉय हे इंग्रज आरमारी अधिकारी होत. डार्विनला जगप्रवासास नेणाऱ्या "बीगल" जहाजाचे ते कप्तान. १८५४ सालीं त्यांच्याकडे इंग्लंडच्या नव्या हवामान कचेरीचें काम आलें. १८५९ च्या ऑक्टोबरांत "रॉयल चार्टर" हें जहाज वादळांत फुटून शेंकडों माणसें बुडालीं, तेव्हां फिट्झरॉयनीं ध्यास घेतला कीं, तारायंत्र हाताशीं असतां बंदरांना आधीं सूचना मिळालीच पाहिजे. १८६१ सालीं त्यांनीं वादळाचे इशारे सुरू केले, आणि त्याच वर्षीं लंडनच्या "टाइम्स" पत्रांत अंदाजहि येऊं लागले. अंदाज चुकले कीं वर्तमानपत्रें हंसत आणि शास्त्रज्ञ नाकें मुरडीत. फिट्झरॉय पैशानें आणि प्रकृतीनें खचले होते. ३० एप्रिल १८६५ रोजीं त्यांनीं स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें. त्यानंतर विद्वानांची समिती बसली आणि अंदाज व इशारे दोन्ही बंद करण्यांत आले. पण मग ओरड केली ती किनाऱ्यावरच्या खलाशांनीं आणि कोळ्यांनीं. त्यांना इशारे हवे होते. थोड्याच काळांत, १८६७ सालीं, ते पुन्हां सुरू करावे लागले. हंसणारे दिवाणखान्यांत होते. ज्यांची होडी पाण्यांत होती ते हंसत नव्हते. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडेहि थट्टेनें एकदां खात्याचें तोंड बंद केलें होतें. ४ जून १८८६ रोजीं पावसाळ्याचा पहिला रीतसर दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. हिमालयावर बर्फ अधिक पडलें तर पुढचा पाऊस कमी, असें ब्लॅनफर्ड यांचें निरीक्षण त्याच्या मुळाशीं होतें. पुढें सर जॉन इलियट यांनीं त्यांत आणखी पुष्कळ गोष्टींची भर घातली. परंतु १८९९ च्या भीषण अवर्षणाची चाहूल त्या अंदाजाला लागली नाहीं. दुष्काळानें देश होरपळला. वर्तमानपत्रांनीं खात्यावर कोरडे ओढले. आणि त्याचा परिणाम म्हणून १९०२ ते १९०५ हीं वर्षें पावसाचे अंदाज गोपनीय ठेवण्यांत आले. चूक लपविण्याचा हा उपाय चुकीपेक्षां वाईट होता असें माझें मत आहे. चुकलेला अंदाज सर्वांना सारखाच चुकतो. लपविलेला अंदाज मात्र ज्याची दरबारीं ओळख आहे त्याला कळतो, आणि ज्याच्या घरांत बियाण्याचें शेवटचें पोतें उरलें आहे त्याला कळत नाहीं.

१९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राशीं त्यांचा पूर्वींचा संबंध नव्हता. त्यांनीं जगभरचे हवेच्या दाबाचे, पावसाचे आणि उष्णतेचे आंकडे जमविले आणि हिंदी कारकुनांच्या हातून वर्षानुवर्षें त्यांचा परस्परसंबंध ताडून पाहिला. त्यांतून त्यांना दिसलें कीं, पॅसिफिक महासागरावरील हवेचा दाब चढला म्हणजे हिंदी महासागरावरचा उतरतो, आणि हा झोपाळा आपल्या पावसाशीं जोडलेला आहे. त्याला त्यांनीं "दक्षिणी आंदोलन" असें नांव दिलें. आज "एल निनो" हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं आला आहे. त्याचा एक धागा सिमल्याच्या त्या कारकुनी वह्यांपर्यंत जातो. पण गंमत अशी कीं, इतकें सांपडूनहि वॉकर यांना पावसाचा हमखास अंदाज सांपडला नाहीं.

तो अजूनहि कोणाला सांपडलेला नाहीं. १९८८ सालीं डॉ. वसंतराव गोवारीकर यांच्या नेतृत्वाखालीं सोळा घटकांचें एक गणिती प्रारूप सिद्ध झालें, आणि एका मराठी माणसाचें नांव पावसाशीं जोडलें गेलें म्हणून आम्हां सर्वांना धन्यता वाटली. बरींच वर्षें त्यानें साथ दिली. मग २००२ साल उजाडलें. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा. प्रत्यक्षांत पडला ८१ टक्के. जुलै महिना जवळजवळ निम्मा कोरडा गेला. त्या वर्षीं थट्टेला पूर आला होता. पण या वेळीं खात्यानें तोंड लपविलें नाहीं. अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं छापले गेले, आणि पुढल्याच वर्षीं नवीं प्रारूपें हातीं घेतलीं गेलीं. चुकीची जाहीर नोंद ही मामांच्या शून्यासारखी असते. आज ती निरुपयोगी दिसते, पण पुढच्याला तिच्यावरूनच वाट काढावी लागते.

हंगामाचा अंदाज असा अजून चांचपडत असला, तरी वादळाच्या बाबतींत चित्र पार बदललें आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आलें आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं त्याच राज्यांत, गोपाळपूरजवळ, "फायलिन" हें तसेंच भयंकर वादळ धडकलें. त्या वेळीं परदेशांतून याहूनहि भीषण भाकितें येत होतीं. पण आपल्या खात्यानें वेधांवरून जो वेग ठरविला होता तोच शेवटपर्यंत सांगितला, आणि तो बरोबर ठरला. चार दिवस आधींपासून इशारे दिले जात होते, सुमारें दहा लाख माणसें हलविलीं गेलीं, आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आंतबाहेर राहिली. चौदा वर्षांत वारा कांहीं सौम्य झाला नव्हता. फरक पडला तो वेळेवर सांगण्यांत, आणि त्याहून अधिक, ऐकण्यांत.

ऐकण्याचा हा भाग अवघड आहे. तो मीं आमच्याच घरांत अनुभवला. श्रीवर्धनला माझ्या चुलत्यांचें जुनें घर आहे: जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलें, आणि मागें समुद्राकडे उतरत गेलेली सुपारीची वाडी. २०२० च्या जूनमध्यें "निसर्ग" चक्रीवादळाची वार्ता आली, तेव्हां घरांत ऐंशी उलटलेल्या काकू, चुलतभाऊ आणि वहिनी अशीं तिघेंच होतीं. साथीमुळें आम्हां पुण्याच्या मंडळींना जातां येत नव्हतें. दोन दिवस आधींपासून इशारे येत होते. बंदरांवर बावटे चढले, दवंडी फिरली, होड्या ओढून वर घेतल्या गेल्या. काकूंनीं घर सोडण्यास साफ नकार दिला. "वादळें यायचीं तीं ओरिसाकडे. माझ्या जन्मांत श्रीवर्धनला असलें कांहीं आलें नाहीं. वेधशाळेचें ऐकून घर सोडलें तर गांव हंसेल," असें त्यांचें म्हणणें. भावाचा धीर होईना. शेवटीं वहिनी पुढें झाल्या. त्या म्हणाल्या, "आई, उद्यां कांहीं झालें नाहीं तर तुम्हीं मला खुशाल हंसा. वर्षभर हंसा. पण आज चला." आणि त्यांनीं देव्हाऱ्यांतले देव टोपलींत घेतले. देव निघाल्यावर काकूंना मागें राहतां येईना.

३ जूनला दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस वादळ जमिनीवर चढलें. त्यानंतर श्रीवर्धनचा फोन लागेना. वीज गेली, तारा तुटल्या, रस्त्यावर झाडें आडवीं झालीं. दोन दिवस पुण्यांत आम्हीं एकमेकांशीं फारसें बोललों नाहीं. तिसऱ्या दिवशीं भाऊ कोठल्याशा टेंकडीवर चढून बोलला तेव्हां कळलें कीं, तिघेंहि शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरांत सुखरूप होतीं. जुन्या घराचें छप्पर उडालें होतें. माजघराची तुळई खालीं आली होती ती बरोबर काकूंच्या पलंगावर. वाडींतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडून पडल्या होत्या. सुपारी लावल्यापासून हातीं यायला सहासात वर्षें लागतात, आणि काकूंचें वय तर ऐंशीच्या पुढें. त्या पलंगाशीं उभ्या राहून त्यांनीं बराच वेळ तुळईकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "वेधशाळेला हंसायला आपण उरलों, हें काय थोडें झालें?" वहिनींनीं हें मला फोनवर सांगितलें, तेव्हां त्या हंसत होत्या कीं रडत होत्या हें मला नीट कळलें नाहीं.

तेव्हांपासून मला वाटूं लागलें आहे कीं, या खात्याचें काम भविष्य सांगण्याचें नव्हेच. शेजारधर्माचें आहे. रात्रीं वाटेंत पाणी चढलें आहे असें ओरडून सांगणारा शेजारी जसा, तसें तें आहे. तो सांगतांना घर पाहत नाहीं, जात पाहत नाहीं, मोल मागत नाहीं. आणि दहांतून तीन वेळां पाणी दारापर्यंत न येतां ओसरलें तरी चवथ्यांदा ओरडण्यास लाजत नाहीं. हल्लीं इशाऱ्यांना रंग दिले आहेत. हिरवा म्हणजे निश्चिंत असा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, आणि तांबडा म्हणजे आतां हाला. यांतला एकहि रंग "असेंच घडेल" म्हणून शपथ घेत नाहीं. आपण काय करावें, एवढेंच तो सांगतो. ज्या घरांत म्हातारीं माणसें आणि लहान मुलें एका छपराखालीं नांदतात, तेथें तांबड्या रंगाचा अर्थ कोणीतरी एकानें तरी पाठ केलेला असावा. बाकीच्यांनीं खुशाल हंसावें.

बंदरावरच्या त्या बावट्यांविषयीं एक गोष्ट सांगून पुरें करतों. कोंकणांत "तीन नंबरचा बावटा लागला" हें वाक्य लहान पोरालाहि समजतें. वास्तविक तो बावटा नसून दिवसां डोलकाठीवर चढविलेल्या शंकूंच्या व नळकांड्यांच्या आकृत्या असतात आणि रात्रीं दिवे असतात. या खुणा एकंदर अकरा आहेत. पहिल्या दोन दूरच्या वादळाच्या, पुढल्या दोन जवळच्या, आणि दहापर्यंत चढत्या धोक्याच्या. अकरावी मात्र वादळाचें बळ सांगत नाहीं. वेधशाळेशीं असलेला संबंध तुटला आहे, तिचा निरोप आतां पोंचत नाहीं, आणि हवेचीं लक्षणें बरीं नाहींत, असा तिचा अर्थ. दहाव्या खुणेच्याहि वर तिला जागा दिली आहे. निरोप तारा तुटल्यानेंच थांबतो असें नाहीं. तो दारापर्यंत येऊनहि आपण ऐकला नाहीं, तरी अकरावी खूण आपल्या घरावर चढलीच म्हणावयाची.